अपघाताची नोंद कोणत्या प्रश्नासाठी होते? एक्सप्रेसवे, नवले पूल आणि हिंजवडी

समजा, तुमच्या घराजवळच्या एखाद्या रस्त्याचा गेल्या २५ वर्षांचा इतिहास तुम्हाला लिहायचाय. तिथे किती माणसं गेली, कशी गेली आणि ती वाचू शकली असती का, एवढेच तुमचे प्रश्न. पहिला कागद कुठला हाती लागेल? बहुतेक वेळा पोलिसांकडची फिर्याद. ती उघडून बघा. त्यात साधारण या धाटणीचं वाक्य असतंच: चालकाने आपल्या ताब्यातील वाहन भरधाव वेगात, हयगयीने, अविचाराने, वाहतुकीच्या नियमांकडे दुर्लक्ष करून चालवले. गाव बदलतं, गाडीचा नंबर बदलतो, पण हे वाक्य फारसं बदलत नाही.

संशोधनाची तयारी करताना आपण हे वाक्य माहिती म्हणून वाचतो. माझं म्हणणं असं की ते आधी उत्तर म्हणून वाचायला हवं, आणि मग मूळ प्रश्न काय होता ते शोधायला हवं. अपघाताची नोंद ज्या प्रश्नासाठी होते, त्या प्रश्नाला शोभेल असाच उपाय आपल्याला सुचतो. एवढी एकच गोष्ट आज तीन रस्त्यांच्या आधाराने सांगते. तिन्ही रस्ते पुण्याच्या आसपासचे आहेत. शेवटचा हिंजवडीचा, जिथे मी राहते.

फिर्यादीचा प्रश्न

भारतीय दंड संहिता १८६० ची. सार्वजनिक रस्त्यावर बेदरकारपणे वाहन हाकण्याबद्दलचं कलम २७९ तिच्यात पहिल्यापासून होतं. हयगयीने मृत्यूस कारण होण्याबद्दलचं ३०४-अ हे कलम १८७० मध्ये घातलं गेलं. म्हणजे भारतात मोटार येण्याच्या कितीतरी आधी, टांगे आणि बैलगाड्यांच्या काळात, रस्त्यावरच्या मृत्यूकडे बघायची कायद्याची नजर ठरून गेली होती. २०२४ मध्ये भारतीय न्याय संहिता लागू झाली. आता कलमं २८१ आणि १०६ झाली, पण नजर तीच आहे.

ही नजर विचारते, दोषी कोण? फौजदारी कायद्याने हेच विचारायला हवं, त्यात चूक काही नाही. अडचण पुढे सुरू होते. याच कागदांची बेरीज होत होत जिल्ह्याचा, राज्याचा आणि देशाचा तक्ता तयार होतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात ४,६१,३१२ अपघात झाले आणि १,६८,४९१ माणसं गेली. त्यातले सुमारे ७१ टक्के मृत्यू ‘अतिवेग’ या कारणाखाली नोंदले गेले.

हा ७१ चा आकडा भाषणांत, बातम्यांत आणि प्रबंधांच्या पहिल्या प्रकरणात सगळीकडे सापडतो. तुम्ही तो वापरणार असाल तर एक क्षण थांबा. प्रत्येक अपघातात गाडीचा वेग कोणी मोजला होता? रस्त्यावरच्या घसटीच्या खुणा, गाडीचा चेपलेला भाग, वळणाची त्रिज्या यांवरून वेग काढता येतो, पण त्यासाठी प्रशिक्षित माणूस आणि वेळ लागतो. बहुतेक नोंदी साक्षीदाराच्या सांगण्यावर आणि ठरलेल्या शब्दांवर उभ्या असतात. त्यामुळे तो आकडा किती गाड्या वेगात होत्या हे जितकं सांगतो, तितकंच आपली नोंद करायची पद्धत काय आहे हेही सांगतो.

आणि रोग ‘अतिवेग’ ठरला की औषधही ठरतं: कॅमेरा.

कॅमेऱ्याची बाजू

इथे घाई करू नका. ‘कॅमेरे म्हणजे नुसती वसुली’ असं म्हणणं सोपं आहे, पण पुराव्याला धरून नाही. वेग दुप्पट झाला की धडकेची ऊर्जा चौपट होते, हे आपण शाळेत शिकलोय. स्पीड कॅमेऱ्यांवरच्या ३५ अभ्यासांचा कॉक्रेन आढावा २०१० मध्ये आला. कॅमेरे लावलेल्या ठिकाणी अपघात आणि गंभीर इजा कमी झाल्याचं त्यात दिसलं. अभ्यासांचा दर्जा सारखा नव्हता, पण कल स्पष्ट होता.

एक गंमत सांगते. जगभर गाजलेल्या गॅट्सो कॅमेऱ्याचा जनक मॉरिस गॅट्सोनिडेस हा नेदरलँड्सचा रॅली ड्रायव्हर होता. वळणावर आपला वेग किती राहतो हे मोजून आणखी जोरात गाडी चालवता यावी म्हणून त्याने ते यंत्र बनवलं. म्हणजे यंत्र फक्त मोजतं. त्या मोजमापाचं काय करायचं, हे आपण ठरवतो.

तेव्हा कॅमेरा उपयोगी आहे. प्रश्न इतकाच की तो ज्या अपघातांत उपयोगी नाही, ते आपल्या नोंदीत दिसतात का?

प्रश्न कसा बदलला

१९६० च्या दशकात अमेरिकेत विल्यम हॅडन नावाचा डॉक्टर होता. तो साथरोगांच्या पद्धतीने विचार करायचा. मलेरियाच्या रोग्याला आपण ‘तुझी चूक काय झाली’ असं विचारत बसत नाही, डासांची पैदास कुठे होते ते बघतो. हॅडनने रस्त्यावरच्या इजेकडे तसं बघितलं. माणसाला मारते ती शरीरावर आदळणारी ऊर्जा. मग तीन टप्पे करा: धडकेच्या आधी, धडकेच्या क्षणी आणि धडकेनंतर. प्रत्येक टप्प्यावर माणूस, वाहन आणि परिसर यांचा वेगळा विचार करा. हा तक्ता आज ‘हॅडन मॅट्रिक्स’ म्हणून शिकवला जातो. तुमचा विषय रस्ते नसला तरी तो एकदा वहीत काढून बघा, कामाला येतो.

ऑक्टोबर १९९७ मध्ये स्वीडनच्या संसदेने ‘व्हिजन झिरो’ धोरण स्वीकारलं. त्याचा गाभा असा: माणसं चुका करणारच, म्हणून एका चुकीची शिक्षा मृत्यू असणार नाही असा रस्ता बांधणं ही रस्ता बांधणाऱ्याची जबाबदारी. तिथल्या रुंद दोनपदरी रस्त्यांवर मधोमध तारांचे कठडे घातले गेले. चालकाला डुलकी लागली तरी गाडी समोरच्या गाडीवर जाण्याऐवजी तारांवर जायची. अशा रस्त्यांवरचे मृत्यू मोठ्या प्रमाणात घटले. चालक तेच होते, डुलक्याही तशाच लागत असणार.

पहिला रस्ता: मुंबई-पुणे एक्सप्रेसवे

सुमारे ९४ किलोमीटरचा हा सहापदरी काँक्रीटचा रस्ता २००२ मध्ये पूर्ण सुरू झाला. मराठी घरांत त्याचं नाव कौतुकाने घेतलं जातं आणि धास्तीनेही. २००१ मध्ये भक्ती बर्वे या रस्त्यावर गेल्या, डिसेंबर २०१२ मध्ये आनंद अभ्यंकर आणि अक्षय पेंडसे गेले. दर वेळी हळहळ झाली आणि ‘लोक गाड्या नीट चालवत नाहीत’ यावर चर्चा थांबली.

५ जून २०१६ च्या पहाटे पनवेलजवळ रस्त्याकडेला थांबलेल्या गाड्यांवर एक बस आदळली आणि खड्ड्यात गेली. १७ जणांचा जीव गेला. फिर्यादीच्या प्रश्नाने बघितलं तर दोषी बसचालक. हॅडनच्या प्रश्नाने बघितलं तर आणखी प्रश्न निघतात. वेगाच्या रस्त्यावर बंद पडलेली गाडी किती वेळ उभी राहते? तिच्यापर्यंत मदत कधी पोहोचते? रस्ता सोडलेली बस खड्ड्यात जाण्याआधी तिला अडवायला काय होतं?

त्याच वर्षी या रस्त्यावर ‘झिरो फॅटॅलिटी कॉरिडॉर’ हा उपक्रम सुरू झाला. सेव्हलाइफ फाउंडेशन ही संस्था, रस्ते विकास महामंडळ, महामार्ग पोलीस आणि महिंद्रा कंपनी त्यात एकत्र होते. अपघातांचा जागेवर जाऊन अभ्यास झाला. रस्त्याकडेच्या उघड्या काँक्रीटच्या बांधकामांपुढे आणि खांबांपुढे कठडे आले. दुभाजकातल्या फटी बुजवल्या गेल्या. उभ्या ट्रकांवर कारवाई झाली, रुग्णवाहिकांकडे लक्ष दिलं गेलं, आणि लेझर गन घेऊन वेगावरही कारवाई झाली. म्हणजे वेग सोडून दिला नव्हता, तो यादीतल्या अनेक गोष्टींपैकी एक झाला.

या रस्त्यावरचे मृत्यू २०१६ मध्ये १५१, २०१७ मध्ये १०५, २०१८ मध्ये ११०, २०१९ मध्ये ९२ आणि २०२० मध्ये ६६.

आता हे आकडे संशोधकासारखे वाचू या. पहिलं, ‘१५१ वरून ६६’ हे वाक्य कानाला छान वाटतं, पण २०२० हे टाळेबंदीचं वर्ष. रस्ते महिनोन्‌महिने ओस होते. म्हणून तुलना २०१९ शी करणं जास्त प्रामाणिक. तरीही १५१ वरून ९२ ही मोठी घट आहे. दुसरं, २०१८ मध्ये आकडा थोडा वाढलाय. तो लपवू नका. चढउतार असतातच, आणि ते दाखवले की तुमच्यावरचा विश्वास वाढतो. तिसरं, एकाच वेळी अनेक उपाय झाल्यामुळे कोणत्या उपायाने किती जीव वाचले हे या पाच आकड्यांवरून सांगता येत नाही. चौथं, कॅमेऱ्यांची मोठी स्वयंचलित यंत्रणा या रस्त्यावर जुलै २०२४ मध्ये सुरू झाली. म्हणजे वरची घट त्या यंत्रणेच्या आधीची आहे. कॅमेरे निरुपयोगी आहेत असा याचा अर्थ होत नाही, पण त्यांच्याशिवायही बरंच करता येतं हे मात्र नक्की.

एक उदाहरण तर तुम्ही डोळ्यांनी पाहिलं असेल. लोणावळ्याजवळचा ब्रिटिशकालीन अमृतांजन पूल. त्याचे खांब एक्सप्रेसवेच्या वाटेत होते, तिथे रस्ता आवळायचा आणि घाटातून येणारी गाडी अचानक चिंचोळ्या जागेत शिरायची. एप्रिल २०२० मध्ये, रस्ता रिकामा असताना, तो पाडला. जुन्या वास्तूबद्दल अनेकांना वाईट वाटलं, मलाही वाटलं. पण तो खांब काढणं ही वाहतूक सुरक्षाच होती. खांबाला कोणी पावती फाडू शकत नाही.

दुसरा रस्ता: नवले पूल

हिंजवडीच्या कडेने, वाकडजवळून जाणारा महामार्ग तसाच दक्षिणेला गेला की नवले पूल आणि पुढे नवा कात्रज बोगदा लागतो. साताऱ्याकडून येणारी गाडी बोगद्यातून बाहेर पडते ती लांबलचक उतारावर. हा बाह्यवळण रस्ता झाला तेव्हा तो गावाबाहेरचा होता. मग दोन्ही बाजूंनी शहर आलं, रहदारी आली, पण उतार तोच राहिला.

२० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री इथे एका ट्रकने एकामागून एक गाड्यांना धडक दिली, ४८ गाड्यांचं नुकसान झालं. त्यानंतर वेगमर्यादा, फलक, रम्बल स्ट्रिप्स, कॅमेरे असे उपाय आले. तरी १३ नोव्हेंबर २०२५ ला याच पट्ट्यात कंटेनर ट्रकच्या धडकेनंतर आग लागली आणि ८ जणांचा जीव गेला.

इथे यंत्रणा समजून घ्या. भरलेला ट्रक लांब उतारावर सतत ब्रेक दाबत आला की ब्रेक तापतात आणि त्यांची पकड जाते. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल केली तर इंजिनाचा अडसरही राहत नाही. मग चालकाला कितीही वाटलं तरी गाडी थांबत नाही. अशा ट्रकपुढे ‘६०’ लिहिलेला फलक काय करणार, आणि त्याचा फोटो काढून काय मिळणार? कॅमेरा त्या चालकासाठी आहे ज्याच्या हातात वेग कमी करणं आहे. उतार सुरू होण्याआधी सक्तीने थांबवून ब्रेक तपासणं, ब्रेक गेलेल्या ट्रकला शिरता येईल अशी वाळूची बाजूची पट्टी, शहरातल्या आणि लांब पल्ल्याच्या वाहतुकीची फारकत, हे उपाय दुसऱ्या प्रश्नातून येतात: ब्रेक गेलाच, तर पुढे काय?

तिसरा रस्ता: आमची हिंजवडी

मुळशी तालुक्यातलं हे गाव. १९९० च्या दशकाच्या अखेरीस एमआयडीसीचं आयटी पार्क आलं, आणि बैलगाडीच्या वाटांवरून लाखो माणसांची ये-जा सुरू झाली. तुम्ही हिंजवडीवरच्या जुन्या बातम्या काढल्यात तर एक शब्द सारखा भेटेल: कोंडी. सप्टेंबर २०१८ मध्ये, पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालय सुरू होऊन महिनाही झाला नव्हता तेव्हा, शिवाजी चौकाभोवती वाहतूक चक्राकार एकेरी केली गेली. किती मिनिटं वाचली याची चर्चा झाली. माझ्या मते हिंजवडीच्या रस्त्यांचा इतिहास वाया गेलेल्या मिनिटांचा इतिहास म्हणूनच लिहिला गेलाय. जीव गेल्याच्या बातम्या आतल्या पानांवर राहिल्या. कोंडीतली माणसं लॅपटॉपवाली होती आणि मरणारी बहुतेक दुचाकीवर किंवा पायी होती, याचा त्याच्याशी काही संबंध असावा का, हा प्रश्न मी माझ्या वहीत लिहून ठेवलाय.

जानेवारी २०२५ मध्ये माण रस्त्यावर वळण घेताना रेडीमिक्स काँक्रीटचा ट्रक उलटला. त्याखाली सापडून दुचाकीवरच्या दोन तरुण विद्यार्थिनी गेल्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, पुन्हा काँक्रीट मिक्सरच्याच धडकेत, आईच्या स्कूटरवर मागे बसलेली शाळकरी मुलगी गेली. इथल्या आयांनी मुलांना स्कूटरवर पुढे बसवायचं की मागे, यावर तेव्हा सोसायट्यांमध्ये बोलणं चाललं होतं. दोन्हीकडे जीव धोक्यातच असेल तर याला निवड म्हणायचं का?

आता हॅडनचा तक्ता काढा. मिक्सरचा ड्रम उंचावर, आत ओलं काँक्रीट आणि ते सतत फिरतंय. गुरुत्वमध्य वर असल्यामुळे हा ट्रक वळणावर अशा वेगालाही उलटू शकतो, जो सरळ रस्त्याच्या मर्यादेत बसतो. कॅमेऱ्याच्या हिशेबी ती गाडी नियमात. दुसरं, उंच केबिनमधून डाव्या हाताला, चाकाशेजारी असलेली दुचाकी चालकाला दिसत नाही. तिसरं, पाणी मिसळल्यावर काँक्रीट साधारण दोन तासांत जागेवर पोहोचून ओतलं जावं लागतं. म्हणजे घाई मालातच आहे, आणि ती चालकाच्या डोक्यावर बसवलेली आहे. कोंडी जितकी जास्त, तितकी मोकळ्या तुकड्यात घाई जास्त. फिर्यादीत मात्र शब्द एकच: भरधाव.

लंडनमध्येही बांधकामाच्या ट्रकांखाली सायकलस्वार मोठ्या संख्येने मरत होते. तिथे मोठ्या ट्रकच्या केबिनमधून चालकाला थेट किती दिसतं याला तारे द्यायची पद्धत आली. २०२१ पासून किमान दर्जा नसेल आणि जादा सुरक्षा साधनंही नसतील, तर शहरात शिरायचा परवाना मिळत नाही. इथे प्रश्न चालकाच्या स्वभावापासून वाहनाच्या खिडकीपर्यंत सरकला. आपल्याकडे गर्दीच्या वेळेत जड वाहनांना बंदी आहे, ती योग्य दिशेची पायरी आहे. पण बंदीची वेळ संपली की तोच ट्रक, तेच वळण आणि फुटपाथ नसल्यामुळे रस्त्यावरूनच चालणारा तोच माणूस एकत्र येतात.

आणि रस्ता कुणाचा? आतला एमआयडीसीचा, मेट्रोचं काम पीएमआरडीएचं, काही भाग सार्वजनिक बांधकामचा, काही ग्रामपंचायतीचा, वाकडच्या बाजूने महापालिका, महामार्ग केंद्राच्या प्राधिकरणाचा, वाहतूक पोलिसांकडे. चालकाचं नाव फिर्यादीत असतं. वळणाचं, खड्ड्याचं, न बांधलेल्या फुटपाथचं नाव कुठल्याच कागदावर नसतं.

२०१९ च्या मोटार वाहन दुरुस्तीत कलम १९८-अ आलं. रस्त्याची रचना, बांधणी किंवा देखभाल मानकांप्रमाणे नसल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आलं, तर जबाबदार यंत्रणा, कंत्राटदार आणि सल्लागार यांना १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. रक्कम लहान वाटेल, पण नोंदीच्या इतिहासात ही मोठी गोष्ट आहे. कारण कागदावर पहिल्यांदाच रस्त्यासाठी एक रकाना उघडला.

तुम्ही काय करू शकता

केंद्राच्या व्याख्येनुसार राष्ट्रीय महामार्गावरच्या साधारण ५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर इजेचे ५ अपघात झाले, किंवा १० मृत्यू झाले, तर तो ‘ब्लॅक स्पॉट’. म्हणजे धोका सिद्ध व्हायला आधी माणसं जावी लागतात. याला पर्याय आहे: रस्ता सुरक्षा ऑडिट, ज्यासाठी इंडियन रोड्स काँग्रेसने २०१० मध्ये नियमावली काढली. त्यात रस्ता बघून धोका ओळखायचा असतो, मृतांचा आकडा भरण्याची वाट बघायची नसते.

तुम्ही संशोधनाचा विषय शोधत असाल तर तुमच्या गावातला एक चौक घ्या, एकच. तिथल्या दहा वर्षांच्या अपघातांच्या बातम्या जमवा, जमल्यास फिर्यादींच्या प्रती मिळवा, आणि जागेवर तीन वेगवेगळ्या वेळी एकेक तास उभे राहा. मग दोन तक्ते करा. पहिल्यात फिर्यादीने दिलेलं कारण लिहा. दुसऱ्यात हॅडनचे नऊ चौकोन भरा. मार्गदर्शकांकडे जाताना दोन्ही घेऊन जा. दोन तक्त्यांतलं अंतर हाच तुमचा संशोधन प्रश्न आहे.

माझ्या चौकाचा दुसरा तक्ता मी भरतेय. त्यातला ‘धडकेच्या आधी, परिसर’ हा चौकोन पहिल्याच आठवड्यात भरला आणि कागद पुरला नाही. आज संध्याकाळी ऑफिस सुटायच्या वेळी मी पुन्हा तिथे उभी असणार आहे, फुटपाथ जिथे संपतो त्या टोकाला.